खोट्या खुणेची वाट

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला पुण्यात पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. "नायगारा पाहिलात ना?" मी "हो" म्हणतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा समाधानाने फुलतो. मग तोच मला नायगाऱ्याचे वर्णन ऐकवू लागतो, कारण त्याचाही मुलगा तिकडेच असतो. तेव्हा वाचकहो, नायगाऱ्याविषयी मी काही लिहीत नाही. मी लिहिणार आहे ते माझ्या लेकीच्या घरामागच्या झाडीविषयी. तिची रुंदी फार तर दोन-अडीचशे पावले. कुठल्याही प्रवासवर्णनात तिचे नाव यायचे नाही. पण सहा महिन्यांच्या मुक्कामात मी जे काही शिकून आलो ते त्या झाडीत.

२०२२ सालच्या जूनमध्ये आम्ही दोघे न्यू जर्सीतील पार्सिपनी या गावी उतरलो. गाव म्हणायचे आपले. चावडी नाही, पार नाही, कोपऱ्यावरचा वाणी नाही. मोटारीचा रस्ता, त्याच्या कडेला सारख्या दिसणाऱ्या तिमजली इमारती आणि त्यांच्यापुढे मोटारी उभ्या करण्याचे मोठे आवार. या इमारतींत निम्मी बिऱ्हाडे आपल्याकडची. सकाळी आठच्या सुमारास जिन्यात उभे राहिले की कुठे सांबाराची फोडणी, कुठे थेपल्याचा खमंग वास, आणि आमच्या दारातून पोह्यांचा. लेक आणि जावई कामाला गेले की घरात आम्ही दोघे आणि आमचा नातू चिन्मय. वय वर्षे चौदा, उन्हाळ्याची सुट्टी, आणि डोळे कायम फोनवर.

"हा दिवसभर त्यात काय बघतो?" असे मी लेकीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, निदान हा खेळ तरी बरा. ह्याच्यासाठी बाहेर चालावं लागतं."

हा खेळ म्हणजे 'पोकेमॉन गो'. २०१६ च्या जुलैमध्ये तो अमेरिकेत आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना मी काय सांगावे? पण ज्यांच्या घरी नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. फोनवर आपल्या खऱ्याखुऱ्या गावाचा नकाशा दिसतो, आणि आपण चालू तसे त्या नकाशातले बाहुले चालते. वाटेत चित्रविचित्र प्राणी भेटतात, ते चेंडू टाकून पकडायचे. हे चेंडू फुकट मिळण्याची जी ठिकाणे, त्यांना 'पोकेस्टॉप' म्हणतात. ही ठिकाणे मात्र खरी असतात: एखादा पुतळा, देऊळ, भिंतीवरचे चित्र, बागेतला कारंजा, रानातल्या वाटेवरची खुणेची पाटी. थोडक्यात, खेळाच्या या काल्पनिक जगाला खुंट्या ठोकल्या आहेत त्या खऱ्या जगातल्या वस्तूंच्या.

ही ठिकाणे कोण ठरवतो, असे मी चिन्मयला विचारले. तेव्हा तो प्रथमच फोनमधून मान वर काढून खुशीने बोलू लागला. म्हणाला, "आजोबा, आम्हीच ठरवतो!" खेळ काढणाऱ्या नायँटिक कंपनीने त्याआधी 'इनग्रेस' नावाचा असाच खेळ २०१२ साली काढला होता. त्यात खेळाडूंनीच आपापल्या गावातील ठिकाणे सुचवली, आणि त्यांतली पुष्कळशी पुढे या खेळात आली. खेळात वरची पायरी गाठलेला खेळाडू ठिकाण सुचवतो. वस्तूचा एक फोटो, आजूबाजूच्या जागेचा एक फोटो, नाव आणि चार ओळींचे वर्णन एवढे पाठवायचे. २०१९ पासून 'वेफेअरर' नावाच्या व्यवस्थेत दुसरे खेळाडू घरबसल्या ते फोटो पाहून कौल देतात. कुणाचे राहते घर चालत नाही, शाळा चालत नाही, आणि आज आहे उद्या नाही अशी वस्तूही चालत नाही. वस्तू कायमची हवी.

"आणि परीक्षक प्रत्यक्ष जाऊन पाहतात का?"

"छे! इतक्या लांब कोण जाणार?"

मला ते जरा विचित्र वाटले. परंतु आमची सारी हयात सरकारी कागदांवर सह्या करण्यात गेलेली. जागेवर न जाता जागा मंजूर करणे आम्हांला अगदीच नवे नव्हते, म्हणून मी गप्प बसलो.

पहाटे उठून चालण्याची माझी जुनी सवय. इमारतींच्या मागे ओक आणि मेपलच्या झाडांची ती झाडी होती. एके सकाळी मी मागच्या आवारातून तिच्या कडेने जात असता एका झाडावर नारिंगी चकती दिसली. हाताच्या तळव्याएवढी, वर काळा बाण, आणि खाली इंग्रजीत दोन शब्द: 'टोर्ना ट्रेल'.

वाचकहो, मी तिथल्या तिथे उभा राहिलो. टोर्ना! म्हणजे आमचा तोरणाच की! तरुणपणी मी ज्याची सोंड नि सोंड तुडवली, ज्याच्या बुधला माचीवरचा वारा अजून कानांत आहे, तो तोरणा इथे न्यू जर्सीत? बाणाच्या दिशेने आत गेलो. तीसेक पावलांवर दुसरी चकती, आणखी तेवढ्याच अंतरावर तिसरी. तिसऱ्या चकतीवरचा बाणही पुढेच दाखवत होता. पण पुढे वाट म्हणावी असे काही दिसेना. पाणथळ जमीन आणि माणसाएवढे गवत होते. मनात म्हटले, पुढची वाट बुजली असेल.

घरी येऊन मी ही बातमी सर्वांना सांगितली. चिन्मय म्हणाला, "ते कोणी तरी जुन्या डच माणसाचं आडनाव आहे. वर्णनात तसं लिहिलंय." या भागात पूर्वी डच लोकांची वस्ती होती हे मी वाचले होते. त्यामुळे तेही पटले. तरी माझा आनंद कमी झाला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी चार जणांना ऐकवले, की आमच्या घरामागे तोरण्याची वाट आहे. आमच्या सौभाग्यवतींनी ते खालच्या मजल्यावरच्या अम्मम्मांना सांगितले.

अम्मम्मा विजयवाड्याच्या. त्याही आमच्यासारख्याच लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांना मराठी येत नाही, हिला तेलुगू येत नाही. दोघींची हिंदी अशी की हिंदी माणसाने कानांवर हात ठेवावेत. पण कुंडीतल्या कोथिंबिरीपासून जावयाच्या स्वभावापर्यंत त्यांना कोणताही विषय अडला नाही. "वो पीछे जंगल में रस्ता है, बोर्ड भी लगाया है, बहुत अच्छा है," असे हिने त्यांना सांगितले. मीही शेजारी उभा राहून मान डोलावली होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

ऑक्टोबर उजाडला. मेपलची पाने लाल झाली, ओक तांबूस पडले, आणि संध्याकाळ सव्वासहालाच अंधारू लागली. दिवाळी दहा दिवसांवर आली होती. आमच्या घरी चकलीची भाजणी पुण्याहून आलेली होती, आणि ती बरोबर उतरते की नाही या चिंतेत ही असताना खालच्या मजल्यावरची लेक धावत वर आली. अम्मम्मा घरात नाहीत. पाच वाजता फिरायला गेल्या, सात वाजत आले, आणि फोन घरीच चार्जिंगला लावलेला.

ते दीड तास मला आठवले की अजून घशाला कोरड पडते. आवारात माणसे जमली. कुणी मोटार घेऊन रस्त्याने गेले, कुणी दुकानांकडे. पोलिसांची गाडी आली. तोंडाने कुणी म्हणेना, पण प्रत्येकाच्या मनात त्या चौपदरी रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या मोटारी होत्या. एकाएकी आमच्या हिने माझा दंड धरला. म्हणाली, "अहो, ती पाटी!"

मी, जावई आणि दोन पोलीस असे आम्ही झाडीत शिरलो. विजेरीच्या उजेडात नारिंगी चकत्या चमकल्या. एक, दोन, तीन. तिसऱ्या चकतीपुढे बाणाच्या नेमक्या दिशेने चिखलात एक चप्पल रुतली होती. पुढे गवतात हाक मारली, तेव्हा बऱ्याच वेळाने क्षीण आवाज आला. अम्मम्मा एका पडलेल्या ओंडक्यावर बसल्या होत्या. पाय घोट्यात मुरगळलेला, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि थंडीने दातांवर दात वाजत होते. दुसरे काही झाले नव्हते. पण रात्र तिथेच काढावी लागती तर काय झाले असते, हे त्या थंडीत उभे असताना कुणी सांगायला नको होते.

बाहेर आल्यावर पोलिसाने इमारतींच्या व्यवस्थापकाला विचारले, "ही वाट कुणाची?" तो म्हणाला, "इथे वाट नाहीच. कधीच नव्हती." मग त्या पाट्या कुणी लावल्या, हे त्याला ठाऊक नव्हते. गर्दीच्या कडेला चिन्मय उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि त्या क्षणी मला डच माणसाचे आडनाव आठवले.

मी काही बोललो नाही. रात्री मी बैठकीच्या खोलीत अंथरुणावर पडलो होतो. बारा वाजून गेल्यावर तो आला.

"आजोबा, जागे आहात?"

"आहे. बस."

"त्या मी लावल्या."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्याच्या मित्रांच्या घरांजवळ स्टॉप होते, आणि याचा जवळातला जवळ स्टॉप मैलभर लांब. थंडीत, बर्फात जायचे कसे? करोनाच्या काळात, २०२० साली, स्टॉपपर्यंत हात पोहोचण्याचे अंतर ४० मीटरवरून ८० मीटर केले गेले, आणि खेळाडूंनी आग्रह धरल्यावर पुढच्या वर्षी ते कायम झाले. ८० मीटर! त्याच्या खोलीच्या खिडकीपासून झाडीची कड त्याहून कमी. शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या त्याने चकत्या कापल्या, एप्रिलमध्ये झाडांवर ठोकल्या, फोटो काढले. नाव कोणते द्यावे? मी फोनवर सांगितलेल्या किल्ल्यांच्या गोष्टींतले एक नाव त्याला आवडत असे. काही आठवड्यांत तिन्ही पाट्या मंजूर झाल्या. अंथरुणात पडल्या पडल्या त्याला चेंडू मिळू लागले.

"मग फोटो काढल्यावर पाट्या काढून का नाही टाकल्यास?"

"कोणी बघायला आलं असतं तर? नियम आहे ना, वस्तू कायमची हवी."

म्हणजे खोटे खरे दिसावे म्हणून ते खिळ्याने पक्के ठोकून ठेवावे लागले. आणि बाण? "बाण असला की खरी वाटते," तो म्हणाला. "तिथून कोणी चालत जाईल असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, ती फक्त फोनमध्ये आहे."

त्याला चार शब्द सुनवावेत असे मनात आले. आजोबांचे ते कामच. पण शब्द ओठांवर येईनात, आणि त्याला कारण होते. ४८ वर्षांत जे मी कुणाला सांगितले नव्हते, ते मी त्या रात्री चौदा वर्षांच्या पोराला सांगितले.

१९७४ चा डिसेंबर. मी एकोणीस वर्षांचा. आम्ही कॉलेजातले चौघे राजगडाहून तोरण्याला निघालो होतो. संजीवनी माचीच्या आळू दरवाजाने उतरले की डोंगराची सोंड तोरण्याच्या बुधला माचीकडे जाते. त्या सोंडेवर पुढच्यांना वाट सापडावी म्हणून पांढऱ्या तैलरंगाने खडकांवर बाण काढीत जायचे, असा आमचा बेत. ब्रश माझ्या हाती. दिवस कलत आला होता, पाणी संपले होते, आणि एका ठिकाणी वाटेला फाटे फुटले. डावीकडची वाट रुंद दिसली. मी पुढे जाऊन पाहिले नाही. खडकावर डावीकडे ऐटदार बाण काढला. वीस मिनिटांनी कळले की ती गुरांची वाट आहे आणि ती कारवीत जाऊन संपते. आम्ही मागे फिरलो, खरी वाट धरली. बाण खोडायला हवा होता. पण रंगाचा डबा घेऊन एक जण पुढे निघून गेला होता, आणि जो तो म्हणत होता, "परत येताना बघू." परत आम्ही त्या वाटेने आलोच नाही.

फेब्रुवारीत डोंगर हिंडणाऱ्या मंडळींच्या एका बैठकीत ऐकले, की दोन मुलांनी त्या सोंडेवर चुकून कारवीत रात्र काढली. एक जण घसरून हात मोडला. "कोणा गाढवाने बाण काढलाय तिथे," सांगणारा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

चिन्मय बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

"नाही. त्यांची नावंसुद्धा विचारली नाहीत."

सकाळी त्याने आधी आईवडिलांना सांगितले, आणि मग आम्ही दोघे खालच्या मजल्यावर गेलो. गोष्टींत अशा वेळी म्हातारी माणसे पोराला पोटाशी धरतात. इथे तसे झाले नाही. दार लेकीने उघडले, ऐकून घेतले, आणि "सांगितलंस ते बरं केलंस" एवढे इंग्रजीत म्हणून दार लावले. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. माझी आई दोन तास चिखलात बसली असती तर मी दार उघडलेही नसते. व्यवस्थापकापुढेही तो उभा राहिला. मग आम्ही पक्कड घेऊन झाडीत गेलो आणि खिळे उपटले. तिसरा खिळा हट्टी निघाला, तेवढा मी काढून दिला. फोनमध्ये त्याने स्वतःच तिन्ही ठिकाणांविरुद्ध तक्रार नोंदवली, की ही वस्तू अस्तित्वात नाही. काही दिवसांनी ती नकाशावरून गेली. आपल्याच ठिकाणांविरुद्ध साक्ष देताना त्याचे ओठ थरथरत होते, हे मी पाहिले.

पुढच्या रविवारी जावयांनी आम्हांला डेलावेअर वॉटर गॅपला नेले. पार्सिपनीहून पश्चिमेला हे ठिकाण सुमारे ४० मैल. डेलावेअर नदीने तिथे डोंगराची रांग आरपार कापली आहे. न्यू जर्सीच्या बाजूला टॅमनी, पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला मिन्सी, आणि मधून नदी व मोटारींचा हमरस्ता. टॅमनीची उंची जेमतेम पंधराशे फूट. आपल्या सिंहगडापुढे पोरच, पण त्या दिवशी ते लाल-पिवळ्या पानांनी असे नटले होते की उंची विचारण्याचे भान राहिले नाही.

इथूनच ॲपलेशियन ट्रेल जाते. जॉर्जियापासून मेनपर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारे २,१९० मैलांची पाऊलवाट! बेंटन मॅकाय या गृहस्थांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली, आणि १९३७ साली ती पुरी झाली. दक्षिणेकडून येणारे वाटसरू हमरस्त्याच्या पुलावरून नदी ओलांडून न्यू जर्सीत येतात आणि डनफील्ड ओढ्याच्या काठाने वर चढतात. आम्हीही त्या काठाने निघालो. झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे होते. दोन इंच रुंद, सहा इंच उंच. नाव नाही, बाण नाही. एका झाडावर एकावर एक असे दोन पट्टे दिसले. चिन्मयने फोनवर शोधून सांगितले, की दोन पट्टे म्हणजे पुढे वळण आहे, सावध. आम्ही वीस पावले गेलो, आणि वाट खरोखरच वळली.

तो थांबला. मागे जाऊन ते दोन पट्टे पुन्हा पाहून आला. "हे कोण तपासतं?" त्याने विचारले.

या भागातील वाटा सांभाळणारी स्वयंसेवकांची एक संस्था आहे, न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स. ती १९२० सालापासून काम करते. हौशी माणसे सुट्टीच्या दिवशी येतात, पडलेली झाडे कापतात, पुसट पट्टे पुन्हा रंगवतात. त्यासाठी ती वाट पायांखाली घालावी लागते. हे सारे पाटीवर वाचून मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. पण परतीच्या वाटेवर प्रत्येक पट्ट्याला तो हात लावून येत होता.

दिवाळीच्या दिवशी ही फराळाचे ताट घेऊन खाली निघाली, तेव्हा चिन्मयने ते तिच्या हातून घेतले. मी जिन्यात उभा होतो. या वेळी दार अम्मम्मांनी उघडले. त्या अजून लंगडत होत्या. त्यांनी ताट घेतले, त्याच्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "चप्पल मेरा नया था." मग आत जाऊन त्याच ताटात अरिसेलु घालून आणले. दुसऱ्या आठवड्यात खाऊच्या पैशांतून तो नवी चप्पल घेऊन गेला. माप चुकले, ती बदलून आणावी लागली.

डिसेंबरात आम्ही परत आलो. जानेवारीत मी पुतण्याला बरोबर घेऊन राजगडावर गेलो. गुडघे कुरकुरत होते, पण आळू दरवाजाने सोंडेवर उतरलो. अदमासाने ती जागा गाठली. आता तिथे बाणांची जत्रा आहे. पांढरे, पिवळे, तांबडे, एकमेकांवर काढलेले. माझा बाण त्यांत उरला असणे शक्य नव्हते. खडकाच्या उजव्या अंगाला एक ताजा पांढरा बाण होता, खऱ्या वाटेकडे वळलेला. त्याचा फोटो काढून मी चिन्मयला पाठवला आणि खाली लिहिले, 'कोणी तरी दुरुस्त केला आहे.'

तिकडे रात्र असावी. तरी लगेच उत्तर आले. 'आजोबा, बाणाच्या दिशेने शेवटपर्यंत चालून पाहिलंत का?'

मी खडकावर बसून होतो. पुतण्या परत फिरण्याची घाई करीत होता. मी लिहिले, 'नाही.'

'मग कोणाला फॉरवर्ड करू नका,' त्याने कळवले.

मी उठलो, काठी उचलली आणि पुतण्याला म्हटले, "जरा थांब. त्या पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ."